पडद्यावरचा पाऊस आणि न घसरणारा गडी

पहिल्या पावसात सायकल चालवताना तुम्ही एक गोष्ट नक्की अनुभवली असेल. रोजच्या वळणावर, रोजच्याच वेगाने वळताना चाक हळूच बाजूला सरकते आणि छातीत धस्स होते. रस्ता तोच, सायकल तीच. मग बदलले ते काय?

आता दुसरी गोष्ट पाहा. संगणकावर मोटारशर्यतीचा खेळ चालू आहे. 'पाऊस' हा पर्याय निवडला, प्रतिस्पर्धी 'कठीण' ठेवले आणि शर्यत सुरू झाली. पहिल्याच वळणावर तुमची मोटार गर्रकन फिरून गवतात गेली. संगणकाने चालवलेल्या मोटारी मात्र जणू उन्हातच धावत आहेत, अशा थाटात निघून गेल्या. खेळणारा चिडून म्हणतो, "हे गडी लबाड आहेत!"

खरोखरच लबाडी असते का? विद्यार्थी मित्रांनो, हा आरोप करणे सोपे आहे. पण तो खरा की खोटा हे ठरवायचे तर थोडे पदार्थविज्ञान लागते. गंमत अशी की, ते सारे पदार्थविज्ञान तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

मोटारीची अदृश्य दोरी

चालती वस्तू आपण होऊन वळत नाही. तिला वळवायचे तर वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल कोणीतरी पुरवावे लागते. यालाच अभिकेंद्री बल म्हणतात. गोफणीतल्या दगडाला हे बल दोरीकडून मिळते. मोटारीला दोरी बांधलेली नसते. चार टायरांची रस्त्यावरची पकड, म्हणजेच घर्षण, हीच तिची दोरी. ही दोरी किती ताण सहन करील हे घर्षणांकावर ठरते. टायरवर जितका भार असेल त्याला घर्षणांकाने गुणले, की रस्ता जास्तीत जास्त किती बल देऊ शकतो ते कळते.

चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरचा घर्षणांक ०.८ च्या आसपास असतो. ओल्या रस्त्यावर तो साधारण ०.४ ते ०.६ पर्यंत उतरतो. आपण सोयीसाठी कोरड्याला ०.८ आणि ओल्याला ०.४ धरू. सपाट रस्त्यावर न घसरता वळण घेण्याच्या कमाल वेगाचे सूत्र असे आहे:

वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वीय त्वरण × वळणाची त्रिज्या

वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे असे समजा. गुरुत्वीय त्वरण ९.८ घ्या. कोरड्या रस्त्यावर गुणाकार ३९२ येतो. त्याचे वर्गमूळ सुमारे १९.८, म्हणजे सेकंदाला १९.८ मीटर किंवा ताशी सुमारे ७१ किलोमीटर. ओल्या रस्त्यावर गुणाकार १९६ येतो. वर्गमूळ बरोबर १४, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. सूत्रात मोटारीचे वस्तुमान कोठेच नाही; जड मोटार आणि हलकी मोटार, दोघींना हीच मर्यादा. दुसरे असे की, घर्षणांक निम्मा झाला तरी वेग निम्मा झाला नाही. तो १.४१ पटीने, म्हणजे २ च्या वर्गमुळाच्या पटीने कमी झाला. थांबण्याचे अंतर मात्र सरळ दुप्पट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लावल्यावर कोरड्या रस्त्यावर सुमारे १८ मीटरमध्ये थांबत असेल, तर या ओल्या रस्त्यावर तिला ३५ मीटर लागतील. पावसात पुढच्या वाहनापासून अधिक अंतर ठेवा असे सांगतात, त्यामागे हे गणित आहे.

पाणी नेमके काय करते?

पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ, टायरांची झीज होऊन पडलेले रबर आणि वाहनांतून ठिबकलेले तेल पाण्यात मिसळते. या राडीचा पातळ थर वंगणासारखे काम करतो. पाऊस जोराने पडून ही घाण वाहून गेली, की पकड काहीशी सुधारते.

पाणी साचू लागले, की वेगळाच धोका उभा राहतो. टायरला पुढचे पाणी बाजूला सारून रस्ता गाठावा लागतो. वेग वाढला, की पाण्याला बाजूला व्हायला वेळ कमी मिळतो. शेवटी पाण्याचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाइतका होतो आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो. याला अ‍ॅक्वाप्लेनिंग म्हणतात. अशा वेळी चक्र फिरवा किंवा ब्रेक दाबा, मोटार दाद देत नाही.

अमेरिकेच्या नासा या संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात विमानाच्या चाकांवर प्रयोग करून यासाठी एक सोपा नियम बसवला. टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचाला जितके पौंड असेल त्याचे वर्गमूळ काढा आणि ९ ने गुणा. येणारे उत्तर म्हणजे ताशी इतके सागरी मैल. त्या वेगाला चाक तरंगू लागते. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६ आणि उत्तर ५४ सागरी मैल, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. दाब २५ पौंडांवर आला तर हीच मर्यादा ताशी ८३ किलोमीटरवर येते. पावसाळ्यात टायरमधली हवा तपासून घ्यावी, ती यासाठीच. हा नियम पाणी पुरेसे खोल असताना लागू पडतो. टायरवरच्या खाचा पाण्याला वाट काढून देतात आणि हे संकट लांबवतात.

या खाचांना किती काम पडते? शर्यतीतला ४० सेंटीमीटर रुंदीचा टायर ताशी ३०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर वेगाने धावत आहे आणि रस्त्यावर अडीच मिलिमीटर पाणी आहे असे समजा. गुणाकार करून पाहा. एका सेकंदात सुमारे ८३ लिटर पाणी त्या एका टायरच्या वाटेत येते! पिरेली कंपनीने २०१७ सालच्या फॉर्म्युला वन शर्यतींसाठी मुसळधार पावसाचे जे टायर केले, ते या वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी दूर सारतात असे तिने जाहीर केले होते. आपल्या कच्च्या हिशेबाशी हा आकडा किती जुळतो पाहा.

पडद्यावर पाऊस कसा पाडतात?

मोटारशर्यतीचे व्हिडिओ गेम जुने आहेत. अटारी कंपनीचा 'ग्रॅन ट्रॅक १०' हा खेळ १९७४ सालचा. त्यात प्रतिस्पर्धी नव्हताच. खेळणाऱ्याची शर्यत घड्याळाशी होती. नामको कंपनीच्या १९८२ सालच्या 'पोल पोझिशन'मध्ये जपानच्या फुजी शर्यतमार्गावर इतर मोटारी आल्या. पण त्या वाटेतल्या चालत्या अडथळ्यांसारख्याच होत्या. १९९० च्या दशकाच्या आरंभी जॉफ क्रॅमंड यांच्या 'फॉर्म्युला वन ग्रां प्री' या खेळात पाऊसही होता आणि काठिण्याच्या पाच पायऱ्याही होत्या.

संगणकात पाऊस पाडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे एकच संख्या बदलणे. रस्त्याचा घर्षणांक ०.८ होता, तो ०.५ करायचा. पडद्यावर तिरप्या रेषा काढायच्या, पाण्याचा आवाज द्यायचा, की झाला पाऊस! पण अशा पावसात सारा रस्ता सारखाच निसरडा असतो. खऱ्या रस्त्यावर उंचवटे लवकर सुकतात आणि सखल जागी डबकी साचतात.

२०१५ सालच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट ६' मध्ये अशी डबकी आली. त्यांत वेगाने शिरल्यास मोटार तरंगत असे. डबक्यांच्या जागा मात्र ठरलेल्या होत्या. २०१७ सालच्या 'प्रोजेक्ट कार्स २' मध्ये पाणी साचू आणि ओसरू लागले. २०२४ साली 'आयरेसिंग' या खेळात पाऊस आला, त्यात मोटारी जेथून जातात तेथले पाणी उडून वाट सुकत जाते.

यासाठी किती हिशेब लागतो याची कल्पना करा. शर्यतीचा मार्ग ५ किलोमीटर लांब आणि १२ मीटर रुंद असेल, तर त्याचे ६०,००० चौरस मीटर होतात. प्रत्येक चौरस मीटरचा एक चौकोन मानला, तर ६०,००० चौकोनांत किती पाणी आहे हे संगणकाने लक्षात ठेवायचे. पाऊस पडला की भर घालायची, उतार असेल तिकडे पाणी सरकवायचे, टायर गेला की वजा करायचे. सगळे शर्यत चालू असतानाच!

गडी कोण चालवतो?

प्रतिस्पर्धी मोटारीत चालक नसतो. असते ती एक यादी. मार्गावर ठरावीक अंतरावर बिंदू कल्पिलेले असतात. त्यांना जोडले की शर्यतीची सर्वांत जलद वाट मिळते. प्रत्येक बिंदूपाशी किती वेग असावा हेही लिहिलेले असते. पुढे मोटार आडवी आली तर काय करायचे, याचे नियम वेगळे असतात. या साऱ्या व्यवस्थेला खेळाच्या भाषेत 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असे भारदस्त नाव आहे.

मग 'सोपा' आणि 'कठीण' यांत फरक कसा करतात? एक मार्ग असा, की यादीतले वेग कमीजास्त करायचे. दुसरा मार्ग रबरी दोराचा. तुम्ही पुढे गेलात की मागच्यांचे वेग वाढवायचे, मागे पडलात की पुढच्यांचे कमी करायचे. म्हणजे शर्यत शेवटपर्यंत चुरशीची राहते. १९९६ सालचा 'मारिओ कार्ट ६४' हा खेळ यासाठी प्रसिद्ध आहे. तिसऱ्या मार्गात प्रतिस्पर्ध्याच्या मोटारीला पदार्थविज्ञानाचे साधे, सवलतीचे नियम लावतात. तुमच्या चारी टायरांचे गणित बारकाईने होते आणि त्याची मोटार जणू रुळावरून चालते. यात नेहमी कपटच असते असे नाही. वीस मोटारींच्या ऐंशी टायरांचे गणित सेकंदाला अनेक वेळा करणे संगणकाला जड जाते, म्हणून ही काटकसर.

उन्हात ही काटकसर खपून जाते. पावसात ती उघडी पडते.

पावसाची परीक्षा

पुन्हा आपल्या ५० मीटरच्या वळणावर या. कोरडी मर्यादा ताशी ७१, ओली ५०. समजा, 'सोपा' गडी कोरड्यात ४८ ने वळतो आणि 'कठीण' गडी ७० ने. पाऊस आला. प्रामाणिक हिशेबाने काय व्हावे? सोपा गडी आधीच मर्यादेच्या खूप आत होता. तो ४८ नेच जाऊ शकेल! कठीण गड्याला मात्र ५० च्या आत यावेच लागेल. दोघांतले २२ चे अंतर जेमतेम १-२ वर येईल.

आता खेळ तयार करणाऱ्याने घाईने सर्वांच्या वेगाला ०.७ ने गुणले असे समजा. कठीण गडी ४९ वर आला, हे ठीक. पण सोपा गडी ३४ वर आला, म्हणजे तो उगाचच गोगलगाय झाला. उलट, ०.९ ने गुणले तर कठीण गडी ६३ ने वळेल. त्या रस्त्यावर हे कोणत्याही मोटारीला शक्य नाही. सूत्र उलटे फिरवा: ताशी ६३ म्हणजे सेकंदाला १७.५ मीटर. त्याचा वर्ग सुमारे ३०६. त्याला ९.८ × ५०, म्हणजे ४९० ने भागा. उत्तर ०.६२. तुमच्या चाकांखालच्या रस्त्याचा घर्षणांक ०.४ आणि त्याच्या चाकांखाली ०.६२! पडद्यावर रस्ता एक दिसतो. संगणकाच्या आत दोन आहेत.

कोरड्यात बरोबरीची वाटणारी पातळी पावसात एकदम फार सोपी किंवा अशक्य का होते, याचे एक मोठे कारण हे आहे. पातळी ठरवताना उन्हातला वेग मोजलेला असतो. पावसात तो कोणत्या प्रमाणात घटेल हे प्रत्येक पातळीसाठी निराळे असते. एका गुणकाने ते साधत नाही.

आणखी एक अडचण आहे. पावसात केवळ वेग बदलत नाही, वाटही बदलते. कोरड्यात ज्या वाटेने सगळे जातात, तेथे टायरांचे रबर घासून रस्ता गुळगुळीत झालेला असतो. ओला झाला की तोच भाग सर्वांत निसरडा. म्हणून कसलेले चालक पावसात वळणाच्या बाहेरच्या बाजूने, खरखरीत डांबर शोधत जातात. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी ब्राझीलमधील इंटरलागोस येथे मॅक्स व्हर्स्टापेनने अशाच अनोख्या वाटा धरून शेवटच्या काही फेऱ्यांत सोळाव्या स्थानावरून तिसऱ्यावर झेप घेतली. ज्या गड्याच्या यादीत एकच वाट लिहिलेली आहे, त्याला हे सुचणार कसे?

सर्वज्ञ गडी

समजा, दोघांना एकच रस्ता आणि एकच नियम दिले. तरी सामना बरोबरीचा होईल का? अजून नाही. टायरची एक खोड आहे. तो जरासा तिरका सरकू लागला, की पकड आधी वाढते. काही अंशांनंतर शिखर येते आणि मग ती उतरू लागते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील हान्स पासेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही वक्ररेषा मांडणारे समीकरण प्रसिद्ध केले. मोजलेल्या आकड्यांशी ते इतके छान जुळते, की त्याला 'जादूचे सूत्र' असेच नाव पडले. अनेक खेळांतले टायर याच सूत्रावर किंवा त्याच्या भाऊबंदांवर चालतात.

हे शिखर कोठे आहे ते माणसाला चाचपडत शोधावे लागते आणि पावसात ते सारखे सरकत असते. संगणकी गड्याला मात्र घर्षणांक आयता ठाऊक असू शकतो. तुम्ही भीतीने ताशी ४० ने वळता. तो डोळे मिटून ४९.५ ने. नियम मोडला नाही, पण उत्तरपत्रिका आधीच हातात होती! प्रामाणिक खेळात गड्यालाही अंदाज बांधायला लावले पाहिजे. 'सोपा' गडी म्हणजे ज्याचा अंदाज वारंवार चुकतो तो, आणि 'कठीण' म्हणजे ज्याचा क्वचित चुकतो तो. अशी पातळी उन्हात आणि पावसात सारखीच खरी वाटेल.

या दिशेने प्रयत्न झाले आहेत. २००५ सालच्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मधला 'ड्रायव्हाटार' खेळणाऱ्याची चालवण्याची पद्धत पाहून तिची नक्कल करी. सोनी कंपनीच्या संशोधकांनी 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळासाठी 'सोफी' नावाचा गडी घडवला. त्याला कोणी वाटेची यादी दिली नाही. पुढे गेल्यास बक्षीस, मार्ग सोडल्यास किंवा धडक दिल्यास दंड, अशा रीतीने असंख्य फेऱ्या मारून तो शिकला. माणसाच्या मोटारीला जे नियम तेच त्याच्या मोटारीला होते, आणि त्याला सेकंदाला फक्त १० वेळा हालचाल बदलण्याची मुभा होती. मार्गाचा अचूक नकाशा मात्र त्याला आकड्यांत मिळत असे. जुलै २०२१ मध्ये निवडक जपानी खेळाडूंच्या संघाने सोफीच्या संघाला ८६ विरुद्ध ७० गुणांनी हरवले. सुधारणा करून ऑक्टोबरमध्ये पुन्हा सामना झाला. तेव्हा सोफीने १०४ विरुद्ध ५२ असा विजय मिळवला. हे संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पण शिकणाऱ्या गड्यालाही एक नियम चुकत नाही: ज्याचा सराव केला तेच येते. केवळ उन्हात शिकवलेल्याला पावसाची समज आपोआप येणार नाही. त्याला पावसात घसरू द्यावे लागेल, जसे तुम्हीआम्ही घसरून शिकतो.

हा विचार केवळ खेळापुरता नाही. शर्यतींचे चालक आता अशाच आभासी यंत्रांवर सराव करतात. पडद्यावरचा ओला रस्ता खोटा असेल, तर हाताला चुकीची सवय लागेल, आणि खरा रस्ता ती सवय माफ करणार नाही.

करून पाहा

१. एक गुळगुळीत लाकडी फळी घ्या. तिच्या एका टोकाजवळ खोडरबर ठेवा आणि ते टोक सावकाश उचला. रबर सरकू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची मोजा. त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागले की घर्षणांक मिळाला. उंची २८ सेंटीमीटर आणि अंतर ४० असेल तर घर्षणांक ०.७. आता फळी पाण्याने ओली करून, नंतर तेलाचा एक थेंब चोळून प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक वेळी पाच मोजमापे घेऊन सरासरी काढा.

२. मोटारशर्यतीचा खेळ कोठे पाहायला मिळाला, तर पंख नसलेल्या साध्या मोटारी निवडा. पंखांवरचा वाऱ्याचा दाब आपल्या सूत्रात धरलेला नाही. सर्वांना सारखेच टायर ठेवा आणि प्रतिस्पर्धी सर्वांत कठीण पातळीवर ठेवा, कारण सोपा गडी मर्यादेच्या आतच असतो, हे आपण पाहिले. एकच सपाट वळण ठरवून त्यातून जायला तुम्हाला आणि प्रतिस्पर्ध्याला किती वेळ लागतो ते आधी उन्हात, मग पावसात मोजा. तुमचा वेळ १.३ पट आणि त्याचा १.०५ पट झाला, तर संशयाला जागा आहे. पण एका मोजमापावरून कोणाला लबाड ठरवू नका. तुमचे कौशल्यही त्या आकड्यात मिसळलेले असते.

३. शेवटी एक गणित. भर पावसात एक संगणकी गडी ८० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावरून ताशी ९० किलोमीटर वेगाने न घसरता गेला. त्याच्या चाकांखालचा घर्षणांक काढा आणि सांगा पाहू, त्याच्यावर पाऊस पडत होता का?